शिकागोजवळची मिडेविन प्रेअरी: कधी जावं, काय घालावं, कसं बघावं

जून उजाडला की शिकागोच्या आसपासच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येतात आणि सगळीकडे एकच यादी निघते: मिलेनियम पार्क, विलिस टॉवर, नदीतली बोट, ऑरोराचं बालाजी मंदिर आणि लाँग वीकेंड मिळाला तर नायगरा. ज्या इलिनॉय राज्याला सगळा देश ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतो, तिथली प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, मात्र या यादीत कधीच नसते. नेपरव्हिल किंवा ऑरोराहून गाडीनं ती तासाभराच्या अंतरावर आहे. प्रवेश फुकट आहे, गर्दी नसते आणि दिवसभर चाललात तरी वाटा संपत नाहीत.

जे जातात त्यातले बरेच जण अर्ध्या तासात परततात, हेही खरं. ‘गवतच तर आहे’ असं म्हणून. गवताळ प्रदेश डोंगरासारखा किंवा धबधब्यासारखा समोर येऊन उभा राहत नाही. तो बघायला थोडी तयारी लागते, महिना निवडावा लागतो आणि नजर खाली वळवावी लागते. हा लेख त्या तयारीसाठी आहे. उदाहरण म्हणून विल काउंटीतल्या विल्मिंग्टन गावाजवळचं मिडेविन घेतलं आहे, कारण एवढी मोठी आणि इतक्या उघडपणे पुन्हा घडवली जाणारी प्रेअरी शिकागोच्या इतक्या जवळ दुसरी नाही.

आधी जागेचा इतिहास वाचून जा

हा भाग गाळू नका. तो माहीत नसेल, तर तिथं दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी कोड्यात टाकतील.

युरोपीय वस्ती येण्यापूर्वी इलिनॉयमध्ये सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती, म्हणजे राज्याची जवळजवळ ६० टक्के जमीन. १८३३ च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमी या इथल्या मूळ लोकांना हुसकावलं गेलं. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्याच ग्रँड डीटूर गावात जॉन डिअर नावाच्या लोहारानं पोलादी फाळाचा नांगर बनवला. लोखंडी नांगराला चिकटून बसणारी इथली काळी, चिवट माती त्या गुळगुळीत फाळावरून सहज सुटू लागली. दलदलीचं पाणी काढायला शेताखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या गेल्या आणि काही दशकांत सगळं मक्याखाली गेलं. आज मूळ, दर्जेदार प्रेअरी उरली आहे ती दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर, तीही जुन्या दफनभूमींच्या कडेला, रेल्वेमार्गांच्या पट्ट्यांत आणि नांगर न चालणाऱ्या खडकाळ जागी.

मिडेविनची बहुतेक जमीनही नांगरली गेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारनं ती शेतकऱ्यांकडून घेतली आणि तिथं दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा केला. टीएनटी हे स्फोटक बनवणं, बॉम्ब भरणं, साठवणं हे सगळं इथं होत असे. ५ जून १९४२ ला एल्वूड गावाच्या बाजूला भीषण स्फोट झाला आणि ४८ कामगार मृत किंवा बेपत्ता झाले. पुढे कारखाना थंडावला आणि अखेर बंद पडला. विषारी झालेली माती साफ करायला अनेक वर्षं लागली. टीएनटी मुरलेल्या मातीवर सूक्ष्मजीवांकरवी प्रक्रिया केली गेली. १९९६ मध्ये कायदा होऊन मिडेविन ही देशातली पहिली राष्ट्रीय टॉलग्रास (उंच गवताची) प्रेअरी ठरली आणि अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आली. आज तिचा आवाका १८ हजार एकरांहून जास्त आहे. त्याच जुन्या जमिनीच्या एका भागावर लगतच अब्राहम लिंकन राष्ट्रीय दफनभूमी आहे.

म्हणून इथं तुम्हाला तीन प्रकारची जमीन दिसेल. काही मोजके तुकडे मूळ प्रेअरीचे. बरीच जमीन बी पेरून परत आणलेली. आणि उरलेली अजून रांगेत असलेली, जिथं चक्क गायी चरताना दिसतील. गायी बघून नाराज होऊ नका. काही गवताळ पक्ष्यांना घरट्यांसाठी आखूड गवत लागतं आणि ते राखायला चराईचा उपयोग होतो. काही ठिकाणी जुन्या झाडांच्या रांगा मुद्दाम तोडलेल्या दिसतील. शेतकऱ्यांनी कुंपण म्हणून ओसेज ऑरेंजची काटेरी झाडं लावली होती. त्यांच्यावर बसून शिकारी पक्षी खालची घरटी हेरतात, आणि उघड्या माळावर राहणारे पक्षी अशा रांगांजवळ घरटं करायचंच टाळतात. झाडं तोडणं म्हणजे निसर्ग वाचवणं, हे आपल्या मनाला चटकन पटत नाही. इथं ते पटवून घ्यावं लागतं.

महिना निवडा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. ‘कधीही जा, छान असतं’ या सल्ल्यामुळेच लोक निराश होतात.

मार्च-एप्रिलमध्ये गवत मेलेलं, आडवं पडलेलं किंवा जाळलेलं असतं. पहिल्या भेटीसाठी हे महिने सोडा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जूनच्या शेवटापर्यंत पक्ष्यांचा काळ. बोबोलिंक हा काळा-पांढरा, डोक्यामागे पिवळसर टोपी असलेला पक्षी दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात हिवाळा काढून इथं विणीला येतो आणि गवतावरून उडत उडत गातो. डिकसिसल, मेडोलार्क आणि हेन्स्लोची चिमणी याच काळात बोलतात. पक्ष्यांसाठी जाणार असाल तर सकाळी साडेआठच्या आत चालायला लागा. दहानंतर ऊन चढतं, वारा वाढतो आणि आवाज बसतात.

जुलै हा फुलांचा. कोनफ्लॉवर, वाइल्ड बर्गमॉट, ब्लेझिंग स्टार आणि उंच पिवळा कंपास प्लांट एकामागून एक येतात. पण याच महिन्यात उकाडा आणि दमटपणा सगळ्यात जास्त असतो, आणि सावली शून्य.

मला विचाराल तर पहिल्या भेटीसाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा निवडा. बिग ब्लूस्टेम गवत तेव्हा माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं, चांगल्या ओलाव्यात आठ फुटांच्या वर. गोल्डनरॉडचा पिवळा आणि अॅस्टरचा जांभळा रंग एकत्र असतो, मोनार्क फुलपाखरं दक्षिणेकडे निघालेली असतात आणि ऊन सोसवतं. टॉलग्रास हा शब्द का पडला, ते या दिवसांत वाटेवर उभं राहिलं की लगेच कळतं. ऑक्टोबरमध्ये हेच गवत तांबूस होतं; फोटो काढणाऱ्यांनी तेव्हा जावं, सकाळी किंवा मावळतीला.

हिवाळ्यात बहुतेक जण फिरकत नाहीत, पण पक्षीवेड्यांनी जावं. संध्याकाळी गवतावरून खालून उडणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसतो. पुण्या-सोलापूरच्या माळांवर हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्यांचा तो सख्खा नातेवाईक. नशीब असेल तर आखूड कानांचं घुबडही दिसतं. ते तर नातेवाईकही नाही, तीच जात. महाराष्ट्राच्या गवताळ माळांवरही ती हिवाळी पाहुणी म्हणून येते.

एक सूचना: मिडेविनमध्ये परवान्यानं शिकार चालते. इलिनॉयमध्ये नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बंदुकीनं हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या दिवसांत जाणारच असाल तर कुठल्या वाटा खुल्या आहेत ते आधी विचारा आणि भडक नारिंगी जाकीट किंवा टोपी घाला.

कपडे, गोचीड आणि वादळ

इथं वाघ-अस्वल नाही. खरा धोका गोचिडीचा. काळ्या पायांची गोचीड लाइम हा आजार पसरवते, आणि तिची लहान अवस्था खसखशीएवढी असते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पुढची काळजी न चुकता घ्या.

पूर्ण लांबीची, फिक्या रंगाची पँट घाला, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. पँटचे पाय मोज्यांत खोचा. वाईट दिसतं, पण खोचा. बूट, मोजे आणि पँटवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा. ते फक्त कपड्यांसाठी असतं, अंगाला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा. उघड्या त्वचेला डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम लावा. वाटेच्या मधून चाला, कारण गोचीड गवताच्या टोकावर वाट बघत बसलेली असते. साडी किंवा सैल सलवार यासाठी सोयीची नाही. आईला एक दिवस ट्रॅक पँट घालायला राजी करा.

घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा, मग धुवा. आंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेभोवती, कानांमागे आणि केसांत तपासा. गोचीड चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं त्वचेला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांपैकी काहीही करू नका. लाइमचे जंतू अंगात शिरायला साधारण चोवीस तासांहून जास्त वेळ गोचीड चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच दिवशी तपासण्याला इतकं महत्त्व.

पुढची गोष्ट भारतातून आलेल्यांसाठी खास. लाइमची लक्षणं काही दिवसांनी किंवा महिन्याभरानंतरही दिसू शकतात, आणि तोवर आई-बाबा पुण्याला किंवा नागपूरला परतलेले असतात. तिथं ताप आणि सांधेदुखी म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू-चिकुनगुनियाच येणार. तेव्हा गोचीड चावली असेल तर तारीख लिहून द्या, चावलेल्या जागेचा फोटो काढून ठेवा आणि परतल्यावर ताप किंवा पसरणारा लाल चट्टा आला तर ‘अमेरिकेत गोचीड चावली होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला सांगा.

वनस्पतींपैकी दोन ओळखून ठेवा. पॉयझन आयव्हीची पानं तीन-तीनच्या गटात असतात आणि मधल्या पानाचा देठ लांब असतो. स्पर्श झाला तर खाजरे फोड येतात. वाइल्ड पार्स्निपला पिवळ्या छत्रीसारखी फुलं येतात. त्याचा चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग उठतात. कुठलंच झाड तोडलं नाही आणि वाट सोडली नाही, तर दोन्हींपासून बहुधा सुटका होते.

आणि आकाश. सपाट माळावर वीज पडायला सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की बायसन (इथला रानबैलासारखा दांडगा प्राणी) दिसत असला तरी मागे फिरा, गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खाली उतरू नका. टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरत येणारं वादळ, हीही इथं पुस्तकातली गोष्ट नाही. २८ ऑगस्ट १९९० ला याच काउंटीतल्या प्लेनफील्डवर आलेल्या वादळात २९ माणसं गेली. भारतीय सिमकार्डावर इथले इशारे येतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक गटात इथला चालू फोन असलेला एक तरी माणूस असू द्या.

पाणी माणशी दोन लिटर घ्या. वाटेवर कुठंही पाणी मिळणार नाही. टोपी, गॉगल, आणि असेल तर दुर्बीण. खायला दशम्या, थालीपीठ, कोरडी चटणी यांच्यासारखं काही घ्या. उकाड्यात दही-भात टिकत नाही आणि आसपास लगेच हॉटेल सापडत नाही.

पोचायचं कसं, सुरुवात कुठून

स्वतःची गाडी लागते. मेट्रा या लोकल रेल्वेनं जोलिएटपर्यंत येता येतं, पण पुढे सार्वजनिक वाहन नाही. आय-५५ महामार्गावरून दक्षिणेला येऊन विल्मिंग्टनच्या बाजूनं रूट ५३ धरा. हा रस्ता म्हणजे जुना रूट ६६. एल्वूडजवळ मालगाड्यांचे मोठाले कंटेनर तळ आहेत, त्यामुळे या रस्त्यावर ट्रकांची अखंड वर्दळ असते. डावीकडे वळताना घाई करू नका.

आधी रूट ५३ वरचं स्वागत केंद्र गाठा. तिथं कागदी नकाशा मिळतो आणि कुठली वाट ठरवून केलेल्या जाळणीसाठी, चिखलासाठी किंवा शिकारीसाठी बंद आहे ते कळतं. शनिवार-रविवारचे तास ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहून घ्या.

पहिल्या भेटीत आयर्न ब्रिज ट्रेलहेडपासून (पायवाटा सुरू होतात ती जागा) सुरुवात करा. तिथं गाड्या लावायला जागा आहे आणि बायसनच्या कुरणाच्या कुंपणापर्यंत चालत जाता येतं. दुसऱ्या भेटीला हॉफ रोड किंवा एक्स्प्लोझिव्ह्ज रोडची बाजू घ्या. हे दुसरं नाव कारखान्याच्या काळातलंच आहे. मातीनं झाकलेले, गवत उगवलेले काँक्रीटचे बंकर याच जमिनीवर रांगेनं उभे होते. बरेच पाडले, काही राखले आहेत. आत डोकावता येणारे कोणते, ते स्वागत केंद्रात विचारा. त्यांच्या आत आवाज विलक्षण घुमतो, मुलांना ते फार आवडतं. जुन्या कारखान्याच्या बाकी कुठल्याही बांधकामात मात्र शिरू नका.

काही वाटा फक्त पायी चालणाऱ्यांच्या, काहींवर सायकल आणि घोडेही चालतात. सायकलवाल्यांना जोलिएटहून येणारा वॉपॉन्सी ग्लेशियल ट्रेल सोयीचा. तो मिडेविनच्या पूर्व कडेनं जातो.

गवत बघायचं कसं

इथं घाई करायची नाही. पहिली दहा मिनिटं फक्त चाला आणि डोळे सरावू द्या. मग वाटेच्या कडेला थांबा, समोरचा साधारण एक पाट मावेल एवढाच तुकडा निवडा आणि त्यात वेगवेगळ्या आकाराची पानं किती आहेत ते मोजा. नावं माहीत नसली तरी चालेल. मक्याच्या शेतात उत्तर एक येतं. नुकत्या पेरलेल्या प्रेअरीत सात-आठ येतील. जुन्या, जपलेल्या तुकड्यात मोजणी वीसच्या घरात जाऊ शकते. जमीन कितपत बरी झाली आहे, ते असं स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. मुलांना हे काम द्या, ती मोठ्यांपेक्षा जास्त प्रकार शोधतात.

मग ओळखीकडे वळा. बिग ब्लूस्टेमच्या तुऱ्याला बहुधा तीन बोटं फुटलेली असतात, टर्कीच्या पंजासारखी. हे गवत ज्वारी, ऊस आणि मक्याच्याच गणगोतातलं आहे; आपल्या डोंगरउतारांवर पायजम्याला कुसळं टोचवणारं कुसळी गवतही त्यांतलंच. शेतकरी घरातले बाबा सोबत असतील तर त्यांच्या हाती पेर आणि पान देऊन बघा, न तोडता. तेच तुम्हाला ज्वारीशी साम्य दाखवतील.

कंपास प्लांटची मोठी, कातरलेली पानं उभी असतात आणि त्यांच्या कडा साधारण उत्तर-दक्षिण रोखलेल्या असतात, त्यामुळे दुपारचं रखरखीत ऊन पानावर सपाट पडत नाही. फोनमधलं होकायंत्र काढून ताडून पाहा. याची मुळं पंधरा फूट खोल जाऊ शकतात. प्रेअरीचा मोठा हिस्सा असा जमिनीखाली असतो, आणि मक्याला इतकी समृद्ध माती मिळाली ती हजारो वर्षं खाली मरत-कुजत गेलेल्या या मुळांमुळेच.

मिल्कवीडचं पान दुमडलेलं कुठं दिसलं तर खाली वाकून बघा. फाटलं तर रुईसारखाच पांढरा चीक येतो, कारण दोन्ही एकाच कुळातल्या. मोनार्कची पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी फक्त मिल्कवीडवर वाढते. आपल्याकडे रुईवर वाढणारं ‘प्लेन टायगर’ फुलपाखरू हे मोनार्कचं चुलत भावंड. आजी-आजोबांना रुई चांगली ठाऊक असते, मारुतीच्या माळेमुळे. नातवंडांना अळी दाखवताना ही ओळख त्यांनाच करून देऊ द्या.

नाकही वापरा. वाइल्ड बर्गमॉटच्या पानाला नुसतं बोट घासलं तरी ओव्याजवळचा तिखट वास येतो. ऑगस्टच्या अखेरीस प्रेअरी ड्रॉपसीड हे बारीक पानांचं झुपकेदार गवत फुलावर असलं, तर हवेत एक गंध तरंगतो. काहींना तो लोण्यातल्या पॉपकॉर्नचा वाटतो, काहींना कोथिंबिरीचा.

शेवटी पाच मिनिटं कोणीही न बोलता उभे राहा. वारा गवतातून कसा येतो ते ऐका. मोठ्या गटात हे अवघड जातं, म्हणून गट आठ जणांच्या आतच ठेवा.

बायसन

ऑक्टोबर २०१५ मध्ये इथं २७ बायसन आणले गेले. उत्तर अमेरिकेत एकेकाळी कोट्यवधी असलेला हा प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्याही खाली आला होता. इथला कळप शोभेसाठी नाही. बायसन मुख्यतः गवत खातात आणि फुलझाडं बरीचशी सोडतात, धुळीत लोळून खळगे करतात, कुठं आखूड तर कुठं उंच गवत राखतात. अशा ओबडधोबड कुरणात पक्ष्यांना आणि फुलांना वाव मिळतो का, हे इथं पाहिलं जात आहे.

दिसतीलच याची खात्री धरू नका. कुरण हजार एकरांहून मोठं आहे. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर शक्यता वाढते. एप्रिल-मेनंतर तांबूस रंगाची वासरं असतात. नर ९०० किलोच्या आसपास भरतो आणि घोड्याइतका वेगानं पळतो, म्हणून कुंपणात हात घालणं, ओलांडणं, खायला टाकणं यांतलं काहीही नाही. मुलांना निघतानाच सांगा की आपण गवत बघायला चाललोय आणि बायसन दिसला तर आनंदच. नाहीतर सगळा दिवस रुसण्यात जातो.

जळलेली जमीन दिसली तर

वसंतात आणि कधी शरदाच्या शेवटी काळेभोर पट्टे दिसतील. ती आग ठरवून लावलेली असते, वारा आणि ओलावा मोजून, प्रशिक्षित लोकांच्या हातून, आणि दर वेळी ठराविक तुकड्यांतच, म्हणजे उरलेल्या भागात किडे-पक्षी तगून राहतात. गवताचे कोंब जमिनीखाली असल्यानं त्यांना धक्का लागत नाही. झुडपांची रोपटी मरतात आणि काळी जमीन लवकर तापून अंकुर जोमानं येतात. युरोपीय येण्याच्या आधीपासून इथले मूळ लोकही आग वापरत होते.

यावरून महाराष्ट्रातल्या वणव्यांना प्रशस्तिपत्र देऊ नका. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चला कोणीतरी काडी टाकून पेटवलेला डोंगर आणि ही मोजूनमापून केलेली जाळणी यांत काहीही साम्य नाही. तिथलं हवामान वेगळं, झाडोरा वेगळा, आणि मुख्य म्हणजे तिथं कोणी काही ठरवलेलं नसतं. दोन्हींकडे सारखं आहे ते दुर्लक्ष. सोलापूर-नगरकडचे माळ आपण कागदोपत्री ‘पडीक’ म्हणत आलो, त्यांत झाडं लावणं हे पुण्य समजलो आणि माळढोक नान्नजच्या अभयारण्यातूनही जवळपास नाहीसा झाला. इलिनॉयनं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त प्रेअरी घालवल्यावर ती परत पेरायला घेतली. एकेका एकराला किती वर्षं लागतात, ते इथं चालताना दिसतं. आपले माळ अजून मुळासकट उभे आहेत, हे इथून परत जाणाऱ्या प्रत्येकानं गावी सांगायला हवं.

आई-बाबा, लहान मुलं

जमीन सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. अडचण चढाची नसून उन्हाची आणि बसायला जागा नसण्याची आहे. घडीची हलकी खुर्ची घ्या. जाऊन-येऊन तीन किलोमीटरांच्या वर बेत आखू नका. स्वच्छतागृहं ट्रेलहेडला असतात, वाटेवर नाहीत, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या वेळा सांभाळून निघा. बाबागाडी पाऊस नसेल तरच न्या. पावसानंतर इथली माती काळ्या रानातल्यासारखीच बुटाला धरते.

थकवा नसेल तर परतताना दोन जागा जोडता येतात. मॉरिसजवळची गूज लेक प्रेअरी लहान आहे, पण तिथं मूळ प्रेअरीचा चांगला मोठा तुकडा टिकून आहे, म्हणून मिडेविनशी तुलना करायला ती फार उपयोगी. सावली आणि नदी हवी असेल तर कँकाकी रिव्हर स्टेट पार्क. एवढ्या लांब यायचंच नसेल तर बटाव्हियाच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात १९७० च्या दशकापासून पेरलेली प्रेअरी आणि बायसनही आहेत. तिथले प्रवेशाचे ओळखपत्राचे नियम मात्र जाण्याआधी वाचा.

आवडलं तर हातभार लावा

मिडेविनचं बरंच काम स्वयंसेवकांवर चालतं. बी गोळा करणं, साफ करणं, रोपवाटिकेत खुरपणं, घुसखोर झाडं काढणं. ठरलेल्या दिवशी नाव नोंदवून जायचं. अवजारं आणि शिकवणारी माणसं तिथं असतात. शरदात बी गोळा करण्याचा दिवस निवडा, कारण एका सकाळी जितकी झाडं हातातून जातात तितकी दहा भेटींत ओळखू येत नाहीत. स्वतःच्या मनानं मात्र एकही शेंग किंवा तुरा घरी आणू नका. तेच बी पुढच्या एकरासाठी लागणार असतं.

घरामागे जागा असेल तर दहा-बाय-दहाचा तुकडा पुरतो. आधी वसाहतीच्या असोसिएशनचे उंचीचे नियम बघा आणि तसं असेल तर लिटल ब्लूस्टेम, ड्रॉपसीड, बटरफ्लाय वीड अशी बुटकी झाडं घ्या. बी स्थानिक मूळ वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्या, मोठ्या दुकानातलं ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ नको. त्यात अनेकदा परदेशी फुलं भरलेली असतात. उन्हाळाभर त्या जागेवर काळं प्लास्टिक घालून लॉन मारा. नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरमध्ये उघड्या मातीवर बी वाळूत मिसळून फेका आणि पायानं दाबा, पुरू नका. यांतल्या बऱ्याच बियांना रुजण्यापूर्वी थंडी आणि ओल लागते, ते काम बर्फ करतो. पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसणार नाही, रोपं मुळं सोडत असतात. तण सहा इंचांवर छाटत राहा म्हणजे रोपांना ऊन मिळेल. फुलं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात येतात. मिल्कवीडची दोन-तीन रोपं उन्हाच्या कोपऱ्यात लावा आणि जुलैपासून पानांच्या खालची बाजू तपासायला लागा. मोनार्कची अंडी तिथं, टाचणीच्या टोकाएवढी, फिक्या पिवळसर रंगाची असतात.